डोंगराचे दोन्ही कान

एक्केचाळीस दिवस एकट्याने गाडी हाकून आणि चार हजार तीनशे बारा फोटो काढून मास्तर परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताला गल्लीच्या तोंडाशी एक कुत्रं होतं. तेही चाकाचा वास घेऊन नाराज होऊन निघून गेलं.

मास्तरांच्या मनात चित्र वेगळं होतं. शेवटचे दोनशे किलोमीटर त्यांनी त्याच चित्रावर काढले होते. आपण गाडीतून उतरतोय, दाढी वाढलीय, चेहरा रापलाय, गळ्यात कॅमेरा, आणि अख्खी गल्ली हातातलं काम टाकून बघतेय. प्रत्यक्षात कोपऱ्यावरच्या शिंप्याने तेवढी मान वर केली.

"मास्तर, गाडी जरा पुढे घ्या. गिऱ्हाईक अडतंय."

"मी आजच आलो," मास्तर म्हणाले.

"कुठून?" शिंप्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मशीन सुरू केलं.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. सव्वीस वर्षं ते ओळखपत्राचे फोटो काढतात, आणि गाव त्यांना मागे हनुवटीमास्तर म्हणतं. तोंडावर नुसतं मास्तर. स्टुलावर बसलेल्या माणसाला ते पहिली आज्ञा सोडतात ती हनुवटीबद्दल. "हनुवटी वर. अजून. एवढी नको, छताला जाळी लागलीत का बघताय? दोन्ही कान दिसू द्या. हसू नका." एवढं ऐकल्यावर हसण्याची कोणाची छाती होत नाही. गावातल्या प्रत्येक परवान्यावर, पासवर, दाखल्यावर मास्तरांनी दरडावलेला एक चेहरा आहे. पुढे तो माणूस गेला की घरच्यांना दुसरा फोटो सापडत नाही, तोच वर्तमानपत्रात छापतात. त्यामुळे आमच्याकडचे बरेच लोक वारले म्हणण्यापेक्षा दचकून गेले असं वाटतं.

स्टुडिओत एक पांढरा पडदा, एक स्टूल, दोन दिवे आणि दोरीने बांधलेला कंगवा. न बांधलेले चार कंगवे आधी होऊन गेले, ते कोणाच्या ना कोणाच्या खिशात असतील. खिळ्यावर एक काळा कोट. नोकरीच्या अर्जाला फोटो हवा असला की गिऱ्हाईक तो चढवतं. कोट एकाच मापाचा आहे, ढगळ झाला तर पाठीमागे चिमटे लावायचे. खाली अर्धी चड्डी असली तरी हरकत नसते, सरकारला छातीखालच्या भागात रस नाही.

लाकडी फळीच्या पलीकडे मास्तरांची बायको कॉम्प्युटरवर बसते. पुटकुळ्या पुसणं, विस्कटलेले केस बसवणं, वाकडी मान सरळ करणं, ही खाती तिच्याकडे. फोटो बघितला की तिचा उजवा हात आपोआप माऊसकडे जातो. लग्नाच्या जेवणात समोर कोणी वाकडी कॉलर घालून बसलं, तर तिची बोटं ताटाशेजारी वळवळतात, हे मी स्वतः बघितलंय.

आता अशा माणसाला एकट्याने रानोमाळ हिंडायची अवदसा का आठवावी? तर मास्तरांना एक जुनं दुखणं होतं. आपण खरे फोटोग्राफर आहोत आणि पोटासाठी लोकांचे कान मोजतोय, असं त्यांना वाटायचं. वाटलं असतं तर चाललं असतं, पण ते बोलून दाखवायचे, आणि तेही जेवताना. सव्वीस वर्षं बायकोने वरणभात म्हणा, भाजीपोळी म्हणा, या वाक्यासकट गिळली. एक दिवस तिने घास खाली ठेवला.

"जा. गाडी घ्या आणि एकदाचे जा. दुकान मी बघते. हवे तेवढे फोटो काढून आणा. त्यातले दहा असे निघाले, की ते बघून माझा हात माऊसकडे गेला नाही, तर स्टुडिओ बंद. गाळा शेजारच्या मोबाईलवाल्याला देऊन टाका आणि खुशाल फोटोग्राफर व्हा."

"आणि नऊ निघाले तर?"

"तर 'खरा फोटोग्राफर' हे दोन शब्द या घरात पुन्हा निघायचे नाहीत. जेवताना तर नाहीच नाही."

मास्तरांनी लगेच कबूल केलं. दहा! त्यांना वाटलं, बाईने मागून मागून मागितलं काय, तर दहा. दहा तर ते पहिल्या वळणावर काढतील.

तर असे ते परतले. गाडी लावून, गळ्यातला कॅमेरा नीट दिसेल असा पुढे घेऊन ते स्टुडिओच्या दारात उभे राहिले. बायको कॅमेऱ्यामागे होती. स्टुलावर कोट चढवलेली एक मुलगी, मुलाखतीला जाणारी असावी.

"अहो, उजेडात उभे राहू नका," बायको वळूनसुद्धा न बघता म्हणाली. मग मुलीला म्हणाली, "हं, तर तुझ्या धाकट्या भावाने काय केलं म्हणालीस?"

"माझ्या अर्जावर चहा सांडला. दोनदा."

"दोनदा!" म्हणत बायकोने बटण दाबलं. "झाला. ऊठ."

मास्तरांनी पडद्यावर फोटो बघितला. नियमात होता. कान दोन, हसू शून्य. पण मुलगी मुलीसारखी दिसत होती, अटक झाल्यासारखी नाही. मास्तरांना हे फारसं आवडलं नाही.

"हनुवटी सांगितली नाहीस," ते म्हणाले.

"हनुवटी तिची तिला माहीत आहे. बारीक झालात. अंघोळ करा, वास येतोय."

एवढ्यात शेजारचा मोबाईलवाला आला. फुटलेल्या काचा बदलण्याचं त्याचं दुकान इतकं चिंचोळं की गिऱ्हाईक आत आलं की त्याला स्वतःला बाहेर यावं लागतं. कराराची बातमी त्याला पहिल्या दिवसापासून होती.

"आलात? वा! मग बंद कधी करताय?" तो म्हणाला. "घाई नाही हं. मी फक्त रंग ठरवून ठेवलाय. निळा."

"संध्याकाळी सांगतो," मास्तर ऐटीत म्हणाले.

दुपारी दुकानाला कडी लावून दोघं कॉम्प्युटरसमोर बसली. मास्तरांनी दाढी तशीच ठेवली होती, निकालापर्यंत. बायकोने उजवा हात मांडीवर ठेवला, दोघांना दिसेल असा, आणि डाव्या हाताने फोटो पुढे सरकवायला सुरुवात केली.

पहिला डोंगर. हात माऊसकडे गेला.

दुसरा डोंगर. गेला.

तळं, झाड, पूल, दीपगृह. गेला, गेला, गेला, गेला. दिवसाला दीडशे चेहरे उपसणारी बाई ती, वेगाला तोटा नव्हता. शंभर फोटो झाले, तीनशे झाले. सहाशेच्या आसपास ती थांबली.

"अहो, एक विचारू?"

"विचार."

"या डोंगराच्या डोक्यावर जागा किती सोडलीत?"

"दोन बोटं," मास्तर म्हणून गेले.

"आणि त्या झाडाच्या?"

मास्तर खुर्ची पुढे ओढून झाडाकडे निरखून बघू लागले.

"दीपगृहाच्या? पुलाच्या? सगळे मधोमध. सगळे समोरून. मागे काही नाही, पांढरं आकाश."

"पांढऱ्या आकाशासाठी त्या डोंगराखाली मी तीन दिवस थांबलोय," मास्तर दुखावून म्हणाले. "रोज निळं होतं. मागचं साफ नको?"

बायकोने तोंडावर पदर धरला, पण उपयोग झाला नाही. "तीन दिवस! अहो, निळं आकाश सोडून! बघा, बघा याच्याकडे, डोंगराचे दोन्ही कान दिसतायत! आता पुढचा अर्ज कोण भरणार याचा?" ती हसून हसून खुर्चीवरून घसरायची बाकी राहिली. "आणि याचा उजवा खांदा पडलाय, म्हणून माझा हात गेला. डोंगराचा खांदा सरळ करायला!"

मास्तरांना कानफटात बसल्यासारखं झालं. एक्केचाळीस दिवस, तीन पंक्चर, पाठीची वाट, आणि त्यांनी काय केलं होतं? सगळ्या सृष्टीला स्टुलावर बसवून हनुवटी वर करायला लावली होती. आणि माणूस असा चारी बाजूंनी उघडा पडला की जे करतो तेच त्यांनी केलं. आरोप केला.

"तुला दुकान चालू ठेवायचंय. म्हणून तुझा हात जातोय."

बायकोचं हसू थांबलं.

"हो, ठेवायचंय," ती म्हणाली. "तुम्ही फोटोग्राफर झाल्यावर मी कुठे बसणार, विचारलं होतंत? सव्वीस वर्षं या फळीमागे बसलेय. या चाळीस दिवसांत पहिल्यांदा पुढे उभी राहिले, आणि मला ते आवडलं. मला दुकान हवंय. पण फोटोबद्दल मी खोटं बोलणार नाही. बोलायचं असतं तर सव्वीस वर्षांपूर्वीच म्हटलं असतं, हो हो, तुम्ही महान. जेवणं तरी शांततेत झाली असती."

तिने फोटो पुढे सरकवले.

अकराशेच्या पुढे एक फोटो आला आणि ती थांबली. पेट्रोल पंपाच्या मागची बाजू. दोरीवर ट्रकवाल्यांचे धुतलेले शर्ट, एक बाही फोटोच्या बाहेर गेलेली, खाली ओल्या सिमेंटवर त्यांच्या सावल्या. आकाश कसलंच नाही.

"हा चुकून निघाला," मास्तर घाईने म्हणाले. "पेट्रोल भरेपर्यंत उभा होतो, सहज..."

"हात बघा," बायको म्हणाली.

हात मांडीवर होता.

"एक," ती म्हणाली.

दुपारभर असंच चाललं. डोंगर आले की हात जायचा, आणि मधेच कुठेतरी, मास्तरांनी जिकडे लक्षच दिलं नव्हतं तिकडे, हात मांडीवर राहायचा. गाडीच्या तडकलेल्या काचेतून दिसणारा घाट. रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या बसमधून उतरून दगडांवर बसलेली माणसं, कोणाचीच हनुवटी वर नाही. एका लॉजच्या बोळात खोल्यांबाहेर काढलेले जोडे. बायको मोजायची, तीन, चार, आणि मास्तरांच्या लक्षात आलं की प्रत्येक आकड्याला तिचा आवाज जरा खाली उतरतोय. दहा झाले तर तिचीच खुर्ची जाणार होती. तरी ती मोजत होती.

चार हजार तीनशे बारा संपले, तेव्हा आकडा सात होता.

"पुन्हा एकदा बघू?" मास्तरांनी विचारलं.

"बघू," ती म्हणाली, आणि खरंच मागचे तीनशे पुन्हा बघितले.

"तो दीपगृहाचा?"

"गेला होता."

"समुद्र? समुद्र तरी?"

"समुद्राची कड वाकडी होती. गेला होता."

तिने साती फोटो पडद्यावर शेजारी शेजारी लावले आणि ती पाणी प्यायला उठली. मास्तर एकटेच बसून बघत राहिले. हे आपणच काढले यावर त्यांचा विश्वास बसेना. शर्टांपाशी ते बराच वेळ थांबले. मग जोड्यांपाशी आले, आणि अस्वस्थ झाले. पुन्हा शर्टांकडे गेले. पुन्हा जोड्यांकडे.

बायको परत आली तेव्हा ते म्हणाले, "हा काढ."

"जोड्यांचा? का? माझा हात गेला नव्हता."

"जोडे वेडेवाकडे पडले होते. मी वाकून रांगेत लावले, टाचा जुळवल्या, मग फोटो काढला."

"मला कळलंच नाही," बायको म्हणाली.

"मला माहीत आहे ना." मास्तरांनी स्वतः माऊस धरला आणि जोडे बाजूला काढले. "सहा."

बायको त्यांच्याकडे बघत राहिली. सव्वीस वर्षांत मास्तरांनी स्वतःच्या फोटोला नाव ठेवलेलं तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

कडी काढली तेव्हा मोबाईलवाला दारातच उभा होता.

"किती झाले?"

"सहा."

"आणि लागतात किती?"

"दहा."

"मग जवळच की! करून टाका दहा. हल्ली मोजतं कोण?"

"मी," मास्तर म्हणाले.

"म्हणजे माझा निळा..."

"कपाटाला मार."

तो तोंड पाडून गेला. त्याच्या पाठोपाठ परवान्याच्या फोटोसाठी एक गृहस्थ आत शिरले आणि कोणी सांगायच्या आत कोट चढवून स्टुलावर बसले.

"एक काचेत लावू बाहेर," बायको म्हणाली. "शर्टांचा."

"नको. ते शब्द काढायचे नाहीत असं ठरलंय."

"शब्द काढू नका म्हटलं. फोटो लावू नका म्हटलं नव्हतं."

मास्तरांनी विचार केला. "लावायचा तर बसचा लाव."

"बसचा? गर्दी किती आहे त्यात! रस्त्यावरून जाणाऱ्याला काय कळणार?"

"शर्टांत काय कळणार? लोक धुलाईचं दुकान समजतील!"

"समजू देत! बाही बघा ती, बाहेर गेलेली. सगळा फोटो त्या बाहीत आहे."

"सगळा फोटो सावलीत आहे! तू बाही बघत बसलीस, म्हणून..."

"अहो," स्टुलावरचे गृहस्थ म्हणाले, "माझी हनुवटी किती वेळ अशी धरू?"

"थांबा हो!" दोघं एकदम ओरडली.