तात्यांनी आणलेली बाटली

पोलिसातल्या नोकरीतले बरेच पंचनामे मी विसरलो. इंदापूर तालुक्यातल्या तीन गाईंचा मात्र आजही डोक्यातून जात नाही, कारण तो मीच चुकीचा लिहिला.

लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी त्या गाई मेल्या. मालक साठीतले. घर पूर्वी मेंढ्या राखणारं, आता थोडी शेती आणि दूध. गाव त्यांना तात्या म्हणे. शेजारच्या कापलेल्या ज्वारीला कोवळा फुटवा आला होता. असा फुटवा खाऊन जनावर मेलं की आमच्याकडे किराळ लागली म्हणतात. गुरांच्या डॉक्टरांनी लक्षणं सायनाईडची सांगितली. किराळीतही तेच विष असतं. झालं, मी किराळ लिहून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी तात्या ठाण्यात आले. ओढ्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यावर त्यांची गुरं पाणी पीत. त्याच झिऱ्याचं पाणी त्यांनी प्लास्टिकच्या बाटलीत आणलं होतं.

"सायेब, गुरं दावणीला हुती. ज्वारीत गेलीच न्हायती. पानी तपासा."

मी म्हणालो, दावं तुटलं असेल, पाणी चांगलं आहे, खुशाल वापरा. बाटली ठेवून घेतली ती त्यांनी लवकर जावं म्हणून. मुद्देमाल रजिस्टरला नोंद नाही, सील नाही. कपाटावर पडून राहिली.

आठवडाभरात खबर आली. कांदा खुरपता खुरपता तात्यांची बायको झिऱ्याचं पाणी प्यायली आणि कोसळली. बारामतीला दवाखान्यात नेईपर्यंत संपली होती.

प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागणार होता. बारामतीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या मॅडम एका खास रसायनाच्या कागदी पट्ट्या बनवत. पाण्यात सायनाईड असलं की ती पट्टी अतिनील दिव्याखाली हिरवी चमकते, नसलं तर काळपट राहते. कोर्टात ही चालणार नाही, दिशा तेवढी दाखवेल, असं त्यांनी आधीच बजावलं.

नळाच्या पाण्यात पट्टी काळपट राहिली. झिऱ्यात चमकली. ओढ्याने वर चढत आम्ही जागोजागी पट्ट्या बुडवल्या. रस्त्याच्या मोरीपर्यंत चमक, मोरीच्या वर काहीच नाही. मोरीपाशी टँकरच्या चाकांच्या खुणा होत्या. तेव्हा मला कपाटावरची बाटली आठवली. ठाण्यात येऊन तिच्यात पट्टी घातली. तीही चमकली. हवालदार समोर उभा होता, त्याच्याकडे बघायची मला लाज वाटली.

टँकर धातूला मुलामा देणाऱ्या एका कारखान्याचा निघाला. दोन तास ड्रायव्हर एकच धरून बसला होता, आपण फक्त पाणी वाहतो. मी हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. टँकरचा पाइप विसळून ते पाणी त्याच्यासमोर ठेवलं आणि पट्टी बुडवली. ती चमकली तसा तो बोलायला लागला.

"पैल्यांदा गुरं मेली तवा आमी भ्यालो हुतो, सायेब. मग तुमी किराळ लिवलं. मालक म्हनला, आता काय न्हाय हुत, वत तितंच."

पुढचं सगळं रीतसर झालं. पंचांसमक्ष नमुने, सील, अहवाल, मालकासह दोघांना अटक. तात्यांची बाटली मात्र पुराव्यात घेता आली नाही.

मी तात्यांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. ते गोठ्याकडे बघत म्हणाले,

"ती बाटली तिनंच भरून दिल्याली, सायेब. मग तुमी पानी चांगलं हाय म्हनला, म्हून प्याली."

निवृत्तीनंतर लोक मला विचारतात, खोटं बोलणारा कसा ओळखायचा. ते मला चांगलं जमायचं. समोरचा खरं बोलतोय, हे ओळखायला शिकताना मात्र तात्यांची बायको गेली.