अकराची पेज

शेजारच्या घरातून उकड्या तांदळाच्या पेजेचा वास आला की मला लाटंबार्सेची आमची काजूची बाग आठवते. आई गेल्यानंतरचा तो पहिला हंगाम. उन्हात पिकलेल्या बोंडांचा आंबूस-गोड वास सगळीकडे सुटला होता, आणि बाबा बिया वेचता वेचता झाडाखाली कोसळले. डिचोलीच्या इस्पितळात सलाईन लावताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंगातलं पाणी आणि मीठ पार कमी झालंय. एरवी शरीर ते आपलं आपण सांभाळतं, पण वय झालं की तहानच कळेनाशी होते." मी बाबांवर चिडले. "एवढ्या उन्हात तुम्हाला तहान नाही लागली?" ते बाटलीतून पडणाऱ्या थेंबांकडे बघत हळूच म्हणाले, "माका तहान कधी लागलीच ना गो बाय. अकरा वाजले की तुझी आवय मीठ घातलेली पेज घेऊन बागेत यायची, नि मी प्यायचो." आता बाबाही नाहीत. मी फोनवर अकराचा गजर लावून ठेवलाय. तो वाजला की उठून पाणी पिते, तहान लागलेली नसली तरी.