नानांनी काढलेला खिळा

आज दुपारी फजिती झाली, सांगूनच टाकते.

आईचे मामा, आमचे नाना, इथल्या कुष्ठरोग दवाखान्यात चपला बनवतात. लहानपणी घरच्यांनी पिशोर गावाहून बैलगाडीतून त्यांना इथं आणून सोडलं. गोळ्यांनी रोग कधीच बरा झाला, पण पावलं बधिर राहिली. न्यायला कुणी आलं नाही, मग ते इथंच काम शिकले.

त्यांच्यासाठी मी औरंगपुऱ्याच्या बाजारातून भारी कातडी चप्पल घेऊन गेले. नानांनी ती उलटी करून बघितली आणि हसले.

"हिला खिळे हायेत, पोरी. आमच्या पायात खिळा घुसला तरी कळत नाय. रक्त दिसल्यावर कळतं."

म्हणून तिथल्या चपला मऊ रबराच्या. चिकटवायच्या, शिवायच्या, खिळा एकही नाही.

मी ओशाळून उठले, तर म्हणाले, "लंगडतीस का?"

"चपलेतला खिळा टोचतोय, नाना. आठ दिवस झाले, काढून घ्यायला वेळच नाय मिळाला."

"दाखव पाय."

आजोबांच्या वयाच्या माणसाच्या हातात पाय कसा द्यायचा? मी मागं घेतला, तर लई चिडले.

"आम्हाला कळत नाय म्हणून आम्ही रोज संध्याकाळी एकमेकांचे तळवे बघतो. तुला कळतंय, तरी तशीच चालतीस?"

मुकाट्यानं पाय दिला. त्यांनी तळवा नीट बघितला, मग चपलेतला खिळा पकडीनं उपटला.

आठ दिवस मी घरात, ऑफिसात लंगडत होते. कुणाच्याच लक्षात आलं नाही.

तुमच्या घरात कोण लंगडतंय, बघितलंत का?