तीन ठिकाणी ठेवलेले फोटो

खून, दरोडे, दंगली असं बरंच काही नोकरीत हाताळलं. त्यातलं पुष्कळ आता पुसट झालं आहे. ज्या प्रकरणाला खात्यात कोणी धड गुन्हा म्हणूनही मोजलं नसतं, ते मात्र डोक्यातून जात नाही.

तेव्हा मी नागपुरात एका ठाण्याचा प्रभारी होतो. गांधीबागेत कापडाचं दुकान असलेले एक गृहस्थ पत्नीला घेऊन तक्रार द्यायला आले. त्यांचा तरुण मुलगा वर्धा रोडवर अपघातात गेला होता. त्यानंतर त्यांनी नातेवाइकांच्या आणि मित्रांच्या मोबाइलमधून घरातल्या मुलांचे सगळे फोटो, सगळे व्हिडिओ गोळा केले. वाळवी लागलेले जुने अल्बम स्कॅन करून टाकून दिले. माणूस व्यापारी आणि काळजीवाला. एक हार्ड डिस्क घरच्या कपाटात, दुसरी दुकानात, तिसरी प्रत इंटरनेटवरच्या खात्यात.

"घराले आग लागली तरी दुकानातली राहीन, असा विचार केला होता साहेब," ते म्हणाले. "तिन्ही गेल्या."

घराचं कुलूप शाबूत होतं. कपाटातले दागिने जागच्या जागी होते. आम्ही गुन्हा नोंदवला, पंचनामा केला, ठसे घेतले. गृहस्थांचा संशय दुकानातल्या नोकरावर होता, म्हणून त्याला बोलावून घेतलं. तो घाबरला होता, पण एकच बोलत राहिला. "साहेब, मले त्या डब्बीचं काय करायचं? गल्ला दिवसभर उघडा असते, तो काहून नाही नेला मी? अन् शेठच्या घरी तर मी कधी गेलोच नाही."

खोटं बोलणारा बहुधा उत्तरं तयार ठेवून येतो. खरं बोलणारा उलट आपल्यालाच विचारतो. मी त्याला घरी पाठवलं. घर, दुकान आणि खात्याचा पासवर्ड, या तिन्हींपर्यंत ज्याचा हात पोहोचतो, असं माणूस शोधायचं होतं. ते परकं नसणार, एवढं मला तिथंच कळलं.

बीट हवालदाराने सीताबर्डीतल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत सांगून ठेवलं होतं. काही आठवड्यांनी एका दुकानदाराने त्याला बाजूला घेतलं. एक मुलगी दोन डिस्क देऊन गेली होती. "असं पुसा की पुन्हा काही निघालं नाही पाहिजे," असं तिनं बजावलं होतं. पुसण्याचे पैसे आधीच देऊन गेली, पण डिस्क न्यायला आलीच नाही. पुसून झालेल्या दोन्ही त्याच्या ड्रॉवरमध्ये पडून होत्या. त्याने सांगितलेलं वर्णन गृहस्थांच्या मुलीचं होतं. गेलेल्या मुलाची ही धाकटी बहीण, नुकतीच शिक्षण संपवलेली.

महिला पोलिसासमोर तिची विचारपूस केली. आवाज चढवायची वेळच आली नाही. डिस्क टेबलावर ठेवल्या तशी ती म्हणाली, "मीच नेल्या. इंटरनेटवरचंही मीच डिलीट केलं."

"काहून पण?" मी विचारलं.

"सकाळपासून टीव्हीवर दादा चालू राहते. आई त्याच्याकडे पाहत जेवते. मले नोकरी लागली ते सांगायले गेली, तर बाबा म्हणाले, थांब, एवढा व्हिडिओ होऊ दे. मी थांबली. तो संपला अन् त्यांनी दुसरा लावला. मले वाटलं, हे गेलं की ते माझ्याकडे पाहतील."

आई-वडिलांना आत बोलावून मी सगळं सांगितलं. वडिलांनी टेबलावरच्या डिस्क उचलून घेतल्या. आई मुलीजवळ गेली. मारेल, असं वाटून महिला पोलीस पुढे सरकली. पण आई एवढंच म्हणाली, "त्यात तू बी होती ना वं. लहानपणापासूनची."

"तुमाले दिसली का मी त्यात कधी?" मुलीने विचारलं.



डिस्क प्रयोगशाळेत पाठवल्या. काही निघालं नाही. इंटरनेटवरचं परत मिळवण्याची मुदत उलटून गेली होती. नातेवाइकांना फोन केले, तर 'सगळं त्यांच्याकडे आहे' म्हणून बहुतेकांनी आपापले मोबाइल रिकामे केलेले. मुलाचा हार घातलेला एक फोटो तेवढा भिंतीवर उरला. तक्रार गैरसमजातून झाली, असा अहवाल मी न्यायालयात पाठवला आणि प्रकरण बंद केलं.

काही महिन्यांनी ते गृहस्थ पुन्हा ठाण्यात आले. मुलगी घर सोडून गेली होती, फोन बंद होता. बेपत्ता व्यक्तीची नोंद करताना हवालदाराने नेहमीप्रमाणे विचारलं, "अलीकडचा फोटो द्या."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला, उघडला आणि तसेच बघत राहिले. जुने फोटो तिनं पुसले होते. भाऊ गेल्यापासून तिचा फोटो कोणी काढलाच नव्हता. मूळ आधार कार्ड ती घेऊन गेली होती, शेवटी त्याची झेरॉक्स आणली. त्यात चेहऱ्याच्या जागी काळा डाग होता.

तपास लागला. ती दुसऱ्या शहरात नोकरी करत होती. सज्ञान होती. स्वतःच्या मर्जीने राहते, पत्ता घरी देऊ नका, असा जबाब तिनं दिला. मी तो आई-वडिलांना सांगितला.

"पत्ता नका देऊ म्हणते तर नका देऊ," आई म्हणाली. "एखादा फोटो पाठवते का, इतकं विचारा तिले."

मी निरोप पोहोचवला. माझी बदली होईपर्यंत तरी काही आलं नव्हतं.

आता ओळखीचे लोक विचारतात, फोटो कसे सांभाळावेत. मी सांगतो, एकाहून जास्त प्रती करा, एक घराबाहेर ठेवा, पासवर्ड जपा, दुसऱ्याकडे आहेत म्हणून आपले पुसू नका. हे सगळं बरोबरच आहे, आणि त्या गृहस्थांनी यातलं जवळजवळ सगळं केलं होतं. आमच्या तपासातही काही कमी राहिलं नाही. मुद्देमाल मिळाला, करणारी कळली, बेपत्ता मुलगीसुद्धा सापडली. तरी त्या घरात काहीच परत आलं नाही. चोर शोधणं पोलिसाला जमतं. त्या पोरीला जे हवं होतं, ते फक्त आई-वडिलांना देता आलं असतं. त्यांना ते उमगलं, तेव्हा ते द्यायला समोर कोणी उरलं नव्हतं.