गप्प केलेला पडदा

आमच्या पंपघरातला संगणक भारी बडबड्या. काळ्या पडद्यावर सतत पांढऱ्या ओळी सोडायचा आणि माझे टाकीच्या पातळीचे आकडे त्यात वर सरकून नाहीसे व्हायचे. एक दिवस मी कातावलेच. "अण्णा, याचं तोंड बंद करा हो, नाहीतर मी वायरच उपटते!"

अण्णा म्हणजे आमचे संगणक सांभाळणारे. पंपघरं आठ, माणूस एक; निवृत्तीला चौदा महिने. आल्या आल्या दुखरा गुडघा लांब करून स्टुलावर बसायचे आणि डोळे मिटायचे. "ताई, ह्या ओळी कर्नल सोडतो, म्हणजे संगणकाचा गाभा. सगळ्याच्या मुळाशी हाच. कुठे काय बिघडतंय ते सांगतो. ओळीच्या सुरुवातीला मशीन चालू झाल्यापासूनचे सेकंद असतात, बघा."

"मग काय, डोक्यावर घेऊन नाचू?"

ते हसले आणि सेटिंग बदललं. आता मशीनच्या जिवावर बेतलं तरच संदेश पडद्यावर येणार, बाकीचे गुपचूप फाइलमध्ये. "फाइल मी बघत जाईन," म्हणाले. सुटले बाई एकदाची!

कुठले बघतायत! बायकोनं अंथरूण धरलं, त्यात आणखी दोन पंपघरं गळ्यात पडली. डबासुद्धा उभ्यानं खायचे. तीन महिन्यांनी संगणकाची डिस्क बसली आणि त्याच्यावर चालणारे पंप दीड दिवस बंद.

चौकशीत साहेबांनी फाइल उघडली. डिस्क नऊ दिवस ओरडत होती. साहेब माझ्यावर उखडले. "समोर बसून दिसलं नाही तुम्हाला? उद्यापासून येऊ नका."

घरात कमावती मी एकटी.

अण्णा टेबलाला धरून उठले. "पडद्यावर काही येतच नव्हतं, साहेब. मी बंद केलं होतं. ताईंना माहीत नव्हतं."

माहीत नव्हतं! मीच तर हात धुऊन मागे लागले होते. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. नाही बोलले.

अण्णांना निवृत्तीपर्यंत गोदामात टाकलं. जाण्याआधी ते सेटिंग पूर्ववत करायला आले. ओळी पुन्हा धावू लागल्या. किती सेकंदांचा एक दिवस, ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलं आणि गुडघा चोळत उठले.

"तुमचे आकडे परत वर सरकतील हं, ताई. माफ करा."

माफी त्यांनी मागितली. मी नुसती मान हलवली.