दारावरच्या लोंब्या आणि सायकल

मागे फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तुमच्या काळीही निवडणुकीवरून घरात वाद व्हायचे का?" मी पटकन हो म्हणाले. मग तुम्ही विचारलंत की कोण कोणाच्या बाजूने होतं, तेव्हा मात्र मला सांगता येईना. तुम्हाला वाटलं, आजी विसरली. विसरले नाही. मला तेव्हाही ते नीट कळलं नव्हतं. म्हणून जे जसं झालं ते क्रमाने लिहिते.

ती सत्तावन सालची निवडणूक. लग्न होऊन मी नागपूरहून वडशाजवळच्या एका खेड्यात आले, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तुमचे आजोबा आलापल्लीला जंगलखात्यात होते. सरकारी नोकराने कुठलीच बाजू घ्यायची नाही, आणि ते घरी येत महिन्यातून एकदा, त्यामुळे त्यांना ते सोपं जाई. घरी सासरे, सासूबाई, धाकटी नणंद आणि मी. धानाची शेती. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून संध्याकाळी सासऱ्यांना पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. नागपूरचे दोन पेपर येत, एक इंग्रजी आणि एक मराठी, दोन्ही शिळे. आपला जिल्हा नुकताच मुंबईच्या राज्यात गेला होता. नागपूरची राजधानी गेली, याचं दुःख सासऱ्यांना घरातलं माणूस गेल्यासारखं होतं.

"सूनबाई, का म्हणते आज इंग्रजी पेपर?"

"मामंजी, तो म्हणतो विदर्भ वेगळा झाला तर खर्च भागणार नाही."

"आन् मराठी?"

"तो म्हणतो वेगळा झाला नाही तर भागणार नाही."

"मंग भागतच नाई म्हणा ना," सासूबाई चुलीपुढून म्हणाल्या. "वाचून राह्यले उगीच रोज."

आमच्या भागात दोन उमेदवारांचा जोर होता, दोघेही अपक्ष. एकाची खूण सायकल. त्याला विदर्भ वेगळा हवा होता. दुसऱ्याची खूण धानाची लोंबी. त्याला मुंबईसकट सगळ्या मराठी माणसांचं एकच राज्य हवं होतं. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी असे, पेटीवर त्याच्या खुणेचं चित्र, आणि आपल्याला हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. त्यामुळे उमेदवाराचं नाव कोणी घेतच नसे. सायकल काय म्हणते, लोंबी काय म्हणते, असंच बोलणं चाले. सासरे सायकलचे. त्यांचं ऐकलं की मला त्यांचं पटे. दुसऱ्या दिवशी विहिरीवर लोंबीवाल्यांच्या बायका बोलत, तेही पटे. कॉलेजात मी वादविवादात बक्षीस मिळवलं होतं, पण तिथे कुठली बाजू मांडायची ते आधी सांगत असत.

सासऱ्यांना या सायकलपायी एक मित्र मिळाला होता. वडशाचे एक तांदूळगिरणीवाले. दोघे एकाच दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, बसून गावोगाव सभांना जात. दमणीवर झेंडा असे आणि झेंड्यावर सायकल. बैलांनी सायकल ओढत नेलेली पाहून पोरं मागे धावत. त्या दमणीतच माझ्या नणंदेची सोयरीक ठरली, गिरणीवाल्यांच्या मधल्या मुलाशी. मतदान आटोपलं की साखरपुडा करायचा, असं दोघांनी ठरवलं.

नणंदेला कोणी विचारलं नव्हतं. पण मला ठाऊक होतं. मावशीच्या गावी शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतींना, गेली असताना तिने त्या मुलाला तिथल्या रात्रीच्या नाटकात पाहिलं होतं. तो राजा झाला होता आणि ऐन दरबारात त्याची अर्धी मिशी गळून पडली. "तर वयनी, त्यानं काई केलं नाई. गळली ते गळली. उरलेल्या अर्ध्या मिशीवर ताव देऊन प्रधानाले म्हणते, बोला!" हे तिने मला कितीतरी वेळा सांगितलं, आणि दर वेळी सांगताना ती पदर तोंडात कोंबून हसे.

आता तोरणाचं सांगते. आपल्याकडे धान कापून झालं की शेवटच्या पेंढीतल्या लोंब्या निवडून बायका त्यांचं तोरण विणतात आणि दारावर बांधतात. ते चिमण्यांसाठी असतं. लक्ष्मी घरात आली, तिच्यातला वाटा पाखरांना. दाणे संपून नुसत्या काड्या राहिल्या की मग उतरवायचं, त्याआधी नाही. गावात प्रत्येक दारावर ते असतं. आमच्याही होतं, आणि सासूबाईंची वीण अशी की पाहत राहावं.

एक दिवस लोंबीवाल्यांची जीप गावात आली. भोंग्यावरून एक माणूस ओरडू लागला, "पाहा बंधूंनो! या गावानं घरोघरी आपलं निशाण लावलं आहे! एकही दार सुटलं नाही!" तो शहरातून आलेला असणार. गाव आधी पोट धरून हसलं. पण दुपारपर्यंत हसणं ओसरलं, कारण शेजारच्या गावात बातमी पोचली होती की हे गाव लोंबीकडे फिरलं. सायकलवाल्या पुरुषांनी घरोघरी सांगायला सुरुवात केली की तोरणं काढा. बायका म्हणाल्या, काढून दाखवा.

सासरे तिपाईवर चढले. तोरणाला हात लावला. मग हात मागे घेतला आणि उतरले.

"उद्या पाहू," ते म्हणाले.

"उद्याबी दाणेच दिसतीन," सासूबाई म्हणाल्या.

"अवो, तो त्याहीचा झेंडा झाला हाये आता!"

"माह्या मायच्या दारावर होता, तिच्या मायच्या दारावर होता. तवा तुमचा लोंबीवाला कुठी होता?"

माझ्या मते दोघांचंही बरोबर होतं.

दोन-तीन दिवसांनी गिरणीवाल्यांचे मुनीम आले. ओसरीवर बसून पाणी प्यायले आणि खाली बघत म्हणाले, "मालकाचा निरोप हाये, भाऊ. लोकं त्याहीले हसून राह्यले. दारावर लोंबीचं निशाण आन् घरात सायकलवाल्याची सोयरीक, हे जमत नाई म्हणते. सोमवारी मालक खुद येतीन. तोरण उतरलं असन तर साखरपुड्याची तिथी काढू. नाई तर राम राम."

मुनीम गेले. सासूबाई बराच वेळ सुपातलं धान नुसतंच इकडून तिकडे करत राहिल्या. मग म्हणाल्या, "दाण्यासकट लक्ष्मी दारावरून उतरवू? तेबी पोरीच्या लग्नाच्या तोंडावर? मंग ते लग्न चांगलं होईन का?" त्या दिवशी सासऱ्यांनी पेपरही वाचून घेतला नाही. तोरण काढलं तर लग्नाला अपशकुन, ठेवलं तर लग्नच नाही. इंग्रजी पेपरातला कुठलाही अग्रलेख मला याहून सोपा वाटला असता.

नणंद मात्र आतल्या खोलीत होती. मला वाटलं, रडत असेल. रडत नव्हती. रोज सकाळी अंगणात चिमण्यांना कणी टाकायचं काम तिचं. दुसऱ्या दिवशी अंगण रिकामं दिसलं. मी विचारलं तर म्हणाली, "कणी सरली, वयनी." मी सांदवाडीच्या, म्हणजे परसाकडच्या, खोलीत गेले तेव्हा कणीचं मडकं गळ्यापर्यंत भरलेलं, वर परात उपडी घातलेली, आणि परातीवर पाटा. वाळवणाचं धानही तिने चादरीने झाकून टाकलं होतं. मी पुन्हा काही विचारलं नाही.

चिमण्या आधी अंगणात उड्या मारत ओरडल्या. मग दारावर गेल्या. आणि मग जे काय सुरू झालं! दिवसभर दारात कलकलाट. उंबरठ्यावर टरफलांचा सडा पडे, आणि सासूबाई तिकडे येण्याआधी नणंद तो झाडून टाकी. सोमवारी सकाळी तोरणात एक दाणा उरला नव्हता.

"यंदा लवकर जेवल्या बाप्पा चिमण्या," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी हात जोडले, तोरण उतरवलं आणि गोठ्यातल्या खुंटीला अडकवलं. सासऱ्यांनी इतका मोठा श्वास सोडला की मला माजघरात ऐकू आला.

दुपारी दमणी आली. तिच्यावर झेंडा नव्हता. गिरणीवाले उतरले, दाराकडे पाहिलं आणि थबकले.

"तोरण कुठी गेलं?"

"उतरलं!" सासरे छाती काढून होणाऱ्या व्याह्यांना म्हणाले. "पाहून घ्या. आता तरी खूश ना, इवाई?"

गिरणीवाल्यांनी कपाळावर हात मारला. "अरे भाऊ, काऊन उतरवलं? काल चांद्याच्या सभेत आपल्या सायकलवाल्यानं लोंबीले पाठिंबा देल्ला ना! म्या रस्त्यानं येता येता सांगत आलो, का आमच्या इवायाच्या दारावर तर कवाचंच निशाण लागून हाये."

सासऱ्यांनी विचारलं, "आन् विदर्भ?"

"ते आता लोंबीवालाच पाहणार हाये."

"लोंबीवाला तं मुंबई म्हणते!"

"म्हणत होता. आता म्हणते, आधी निवडून येऊ, मंग पाहू."

"सूनबाई, पेपरात हाये का हे?"

त्या दिवसाचा पेपर यायचा होता. मी नाही म्हणाले. मग सासऱ्यांचा आवाज चढला. असा मी आधी कधी ऐकला नव्हता. "म्या उन्हातान्हात गावं पालथी घातली, लोकाच्या दारात हात जोडले, ते कोणासाठी? काल सायकल, आज लोंबी, उद्या आणखी काय? ज्या घराले कालचा बोल आज आठवत नाई, त्या घरी मी पोरगी देत नाई!"

गिरणीवाले जायला वळले. त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "तुमची मर्जी, भाऊ."

तेवढ्यात नणंद चहाचा ट्रे घेऊन ओसरीच्या दारात आली. ट्रे तिने माझ्या हातात दिला. "बाबा," ती म्हणाली, "तोरण आपोआप नाई उतरलं. म्या चिमण्यांले उपाशी ठेवलं. कणी झाकून ठेवली, धानबी झाकलं."

"काऊन वं?"

ती खाली मान घालून उभी राहिली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मुलीने आपल्या लग्नाबद्दल तोंड उघडायचं नसतं, आणि तिने आता जेवढं उघडायचं तेवढं उघडलं होतं. सासरे तिच्याकडे पाहत होते आणि त्यांना काहीही कळत नव्हतं. सगळ्यांत आधी सासूबाई हसल्या.

"समजलं का आता? का सूनबाईले पेपरातून वाचाले लावू?"

हळूहळू सासऱ्यांचा चेहरा बदलला. ते खाली बसले. त्यांनी उंबरठ्याकडे पाहिलं. तिथे अजून एखाद-दुसरं टरफल राहिलं होतं.

"बसा, इवाई," ते शेवटी म्हणाले. "चहा घ्या. सोयरीक हाये ते हाये. पण माह्यं मत सायकललेच."

"अवो भाऊ, आता त्या पेटीत कोणी टाकणार नाई."

"मंग माह्यं एकटंच राहू द्या. पेटी तं ठेवतीन ना?"

"पेटी ठेवतीन," गिरणीवाले म्हणाले, आणि चहा बशीत ओतू लागले.

मतदानाच्या दिवशी मी पडद्यामागे गेले तेव्हा दोन्ही पेट्या शेजारी शेजारी होत्या. लोंबीच्या पेटीवर कोणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं. ज्याची सायकल तोच म्हणत होता सायकलला देऊ नका, ज्याला मुंबई हवी त्याला विदर्भवाले मत देत होते, आणि बाहेर माझे सासरे ताठ मानेने रांगेत उभे होते. मी हातातला कागद घेऊन इतका वेळ थांबले की बाहेरून अधिकाऱ्याने विचारलं, "बाई, झालं का?" कागद मी कुठल्या पेटीत टाकला, ते सांगायचं नसतं म्हणून सांगत नाही, पण खरं म्हणजे का टाकला हेही मला सांगता आलं नसतं.

वैशाखात लग्न झालं. नवऱ्या मुलाला खरी मिशी होती. जेवणाच्या पंगतीत दोन्ही व्याही विदर्भावरून पुन्हा वाद घालत होते. मी वाढता वाढता ऐकलं, तर कोण कुठल्या बाजूने बोलत होतं ते मला ओळखता आलं नाही.

निघताना नणंदेने माझा हात धरला. वाटलं, काही मोठं सांगणार. म्हणाली, "वयनी, चिमण्यांले आता दोन मुठी टाकत जाय."

मी टाकत होते. चिमण्या मात्र कितीतरी दिवस आधी दारावर जाऊन बसत, तिथे इकडे-तिकडे पाहत, आणि मग अंगणात उतरत.