पाहुणीचा सोनचाफा

मालनवहिनीला जावेचा हेवा वाटतो, हे आमच्या अख्ख्या आळीला ठाऊक आहे. ती लपवतच नाही मुळी. वसईजवळ आमच्या होळी गावात तिच्या घरची सोनचाफ्याची वाडी आहे. पहाटे उठून फुलं खुडते ती, आणि त्यातलं एकही केसांत माळत नाही. त्या घरची रीतच तशी. विकायचं फूल घरच्या बाईने माळायचं नाही, आलेल्या पाहुणीला मात्र आवर्जून द्यायचं. तिच्या धाकट्या जावेचं नाव पूर्वी. ती तुळिंजला फ्लॅटमध्ये राहते, कधीमधी उगवते, म्हणून ती पाहुणी. सासूबाई, म्हणजे आमच्या वसुंधराकाकी, दर खेपेला टपोरं फूल निवडून तिच्या केसांत खोचतात. त्या दिवशी मालनवहिनी भांडी जरा जोरातच आपटते.

गेल्या शनिवारी काकींना चर्चच्या आवारातल्या दवाखान्यात न्यायचं होतं. एरवी वहिनीच नेते. सासूची शुगर, नवऱ्याचा दमा, लेकीचा कान, घरातलं प्रत्येक दुखणं तिला तोंडपाठ. या वेळी काकी पूर्वीसाठी अडून बसल्या. पूर्वी आली, तिला फूल मिळालं, रिक्षात ती काकींचा हात धरून बसली. पिशवी आणि पाण्याची बाटली वहिनीच्या मांडीवर.

मी गुडघा दाखवायला तिथेच बाकावर बसले होते. काकी शेजारच्या बाईला सांगत होत्या, "ही माझी पूर्वी. माझ्यासाठी रजा काढून आली हो. कोण करतं एवढं आजकाल?"

वहिनी माझ्या कानाशी फणफणली, "आणि मी काय रस्त्यावरची? रोज गोळ्या कोण देतं? विचारा तिला, आई रात्री कितीदा उठतात!"

मला हसू येत होतं, पण तिचे डोळे भरलेले दिसले. एकदा तरी काकींनी चारचौघांत आपलं नाव घ्यावं, एवढंच तिला हवं होतं.

तेवढ्यात ॲनी नर्सने पुकारलं, "वसुंधराकाकी! बरोबर एकच जण या."

पूर्वी उठलीसुद्धा. काकींनी तिचा हात सोडला. "तू बस गं इथे. मालन येईल."

आत काय झालं ते वहिनीनेच मला नंतर सांगितलं. ज्युली डॉक्टरांनी विचारल्यावर काकी खाली मान घालून म्हणाल्या, "अंग बाहेर येतं. पावसाळ्यापासून." वहिनी थक्क. एवढी सगळ्यांची दुखणी पाठ, आणि हे माहीत नाही!

"आई, मला नाय सांगायचं?"

"आता सांगितलं ना. तिच्यासमोर लुगडं सोडू? पाहुणी ती."

"तिला फूल, आणि मला हे!" वहिनी तिथेही फटकळपणे बोलली. पण तपासणी होईस्तोवर काकींनी तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. गर्भाशय खाली सरकलंय, उपचाराने बरं वाटेल, डॉक्टर म्हणाल्या.

बाहेर पूर्वी दाराशीच उभी होती. फूल तिने केसांतून काढून मुठीत धरलं होतं.

"मला का नाही नेलं आत?" तिने वहिनीला विचारलं. "लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून मी पाहुणीच. तुमचं बरं आहे, जाऊबाई. तुम्ही घरच्या."

आपला कुणी हेवा करेल, असं वहिनीच्या कधी मनातही आलं नव्हतं. पाहुणीच्या हाती कधी न दिलेली काकींची पिशवी तिने पूर्वीकडे दिली.